कान धरण्याची खूण

मित्रांनो, मी एक जुनी बॅट आहे, पण हे वाचून तुमच्या डोळ्यांपुढे आली असेल ती बॅट नव्हे. मी चपटी नाही. मी गोल आहे, टोकाला जाड आणि मुठीकडे बारीक. आखातातल्या अजमान शहरात ज्या घरात मी सध्या राहते, तिथे रत्नागिरीहून आलेल्या एका पाहुण्या बाईंनी मला पाहून विचारलं होतं, "शहरबानू, मुसळ आणलंस ते ठीक, पण उखळ कुठे आहे?" त्यांची काही चूक नव्हती. मी बेसबॉलची बॅट आहे, आणि मला ओळखणारी माणसं या इमारतीत फार नाहीत.

माझा जन्म ॲश नावाच्या झाडापासून झाला. हे झाड थंड प्रदेशात वाढतं. थंडीत झाडाची वाढ सावकाश होते, त्यामुळे खोडातली वर्तुळं जवळजवळ पडतात आणि लाकूड चिवट बनतं. अमेरिकेतल्या एका कारखान्यात मला यंत्रावर फिरवून गोल केलं, घासलं आणि शेवटी माझ्या अंगावर तापलेल्या लोखंडाने एक ठसा उमटवला. हा ठसा शोभेसाठी नसतो. लाकडाचे थर जिथे सर्वांत कमजोर असतात, नेमका तिथे तो मारतात. खेळणाऱ्याने ठसा आकाशाकडे ठेवून मला धरायचं असतं, म्हणजे चेंडू थरांच्या कडेवर आदळतो आणि मी टिकते. ठशावर चेंडू घेतला तर मी तुटू शकते.

माझ्या शरीरात आणखी एक जागा आहे. तिच्यावर कसलीही खूण नाही. टोकापासून वीतभर आत चेंडू लागला, तर धरणाऱ्याच्या हातांना जवळजवळ काहीच जाणवत नाही. बाकी कुठेही लागला तरी मी थरथरते आणि ती थरथर त्याच्या तळव्यांना झोंबते. या कारणाने खेळणाऱ्याला चेंडू पाहण्याआधीच कळतं की फटका कसा बसला. मलाही कळतं.

वॉल्टर नावाच्या एका अमेरिकन इंजिनिअरने मला याच देशातल्या रुवैसला आणलं. तिथे तेल शुद्ध करण्याचा मोठा कारखाना आहे, आणि त्या काळी आजूबाजूला कामगारांचे कॅम्प होते. वॉल्टरसाहेब दर शुक्रवारी आपल्या मित्रांबरोबर खेळत. त्यांचा ड्रायव्हर गाडीला टेकून उभा राहून खेळ पाहत असे. त्याचं नाव खैरुद्दीन. तो मूळचा दापोलीजवळच्या एका बंदराचा. सुरुवातीला तो लांब गेलेले चेंडू आणून द्यायचा, मग पंच कमी पडला की पंच व्हायचा. काही वर्षांनी असं झालं, की नियमाबद्दल वाद झाला तर अमेरिकन लोक मागे वळून ड्रायव्हरकडे पाहत. वॉल्टरसाहेब मायदेशी परतले तेव्हा त्यांनी बॅटा, हातमोजे आणि चेंडू भरलेली पिशवी खैरुद्दीनच्या हातात दिली. मी त्या पिशवीत होते.

नव्वदचं दशक निम्मं सरलं, तोवर खैरुद्दीन कॅम्पच्या बसगाड्यांचे सुपरवायझर झाले होते. सगळे त्यांना खैरुभाई म्हणत. कॅम्पमध्ये महाराष्ट्रातली बरीच माणसं होती. त्यांच्यातून त्यांनी एक संघ उभा केला आणि ते स्वतः त्याचे मॅनेजर झाले. फिलिपिनो, कोरियन आणि जपानी कामगारांचे संघ आधीपासून होतेच. हिवाळ्यात दर शुक्रवारी सामने होत. मैदान म्हणजे रोलर फिरवून घट्ट केलेली वाळू होती. एका टोकाला मोठाले पाइप रचून ठेवलेले होते. चेंडू थेट त्या पाइपांपलीकडे गेला की होमरन.

खेळ सोपा आहे. चार कोपरे असतात. चेंडू मारायचा आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसवरून पळत मूळ जागी परत यायचं, की एक धाव. त्या मूळ जागेला आमच्या संघात सगळे 'घर' म्हणत. पण आमच्यातले बहुतेक जण क्रिकेटवर वाढलेले होते, आणि बेसबॉलमध्ये पळताना बॅट टाकून द्यायची असते, हे त्यांच्या हातांना पटत नव्हतं. लांज्याचा विघ्नेश मला हातात घेऊन पळायचा आणि पहिल्या बेसवर पोचला की मला रीतसर जमिनीवर टेकवायचा.

"अरे बाबा, तिथे क्रीज नाय!" खैरुभाई ओरडत.

"भाई, हात रिकामा असला की कपडे न घालता पळतोय असं वाटतं," विघ्नेश म्हणायचा.

दुसरी अडचण हाकेची होती. क्रिकेटमध्ये धाव घ्यायची की नाही, हे फलंदाज ओरडून सांगतो. बेसबॉलमध्ये असं कोणी सांगत नाही. पळणाऱ्याने आपलं आपण निघायचं असतं. साताऱ्याकडचा केरू हाक आल्याशिवाय हलतच नसे. तो पाइप उचलणाऱ्या टोळीत होता, अंगाने दणकट आणि बोलायला कमी. एकदा तो तिसऱ्या बेसवर असा उभा राहिलेला पाहून विघ्नेश बाहेरून ओरडला, "यल्ला, केरू, यल्ला!" आता 'यल्ला' म्हणजे अरबीत 'चल'. हा शब्द त्या देशात कोणाला कळत नाही? कोरियन संघाच्या सगळ्यांनी एकदमच केरूकडे पाहिलं. केरू अर्ध्या वाटेत बाद झाला.

त्या दिवसापासून खैरुभाईंनी मैदानात हाका मारायला बंदी केली आणि खुणा ठरवल्या. त्यांनी टोपीला हात लावला, तर फलंदाजाने मोकळेपणी मारायचं. त्यांनी कानाची पाळी धरली, तर मारायचं नाही. मला आडवी धरून चेंडू नुसता पुढ्यात, जमिनीवर ठेवायचा. असा ठेवलेला चेंडू उचलून समोरचे फलंदाजाला बहुधा बाद करतात, पण तेवढ्यात तिसऱ्या बेसवरचा माणूस घर गाठतो. म्हणजे एकाने बाद व्हायचं, ते दुसऱ्याच्या धावेसाठी. खैरुभाई याला 'कुर्बानी' म्हणत.

यात एक गोष्ट महत्त्वाची होती. कान धरल्याचं पाहिलं, की तिसऱ्या बेसवरच्या माणसाने चेंडू फेकला जाताक्षणीच पळत सुटायचं. बॅट काय करते हे पाहत थांबायचं नाही, कारण पाहत बसलं तर उशीर होतो. केरूला हे शिकवायला खैरुभाईंचा अख्खा हिवाळा गेला.

"खूण झाली ना? मग मागे-पुढे बघायचं नाय. तू फक्त घर बघ," ते म्हणत.

"आन् त्यानं मारला तर?"

"नाय मारणार. मी सांगितलंय ना."

हिवाळा संपेपर्यंत केरू तसा पळू लागला. खाली मान घालून, बैलाने उतारावर सुटावं तसा.

आता दौलतबद्दल सांगते. दौलत वेल्डर होता, जळगावचा. शाळेत असल्यापासून तो सॉफ्टबॉल खेळला होता, म्हणून त्याला मला कसं धरायचं हे शिकवावं लागलं नाही. पहिल्याच दिवशी त्याने ठसा शोधला आणि तो वर केला. महिन्यातून एकदा तो मला खोबरेल तेलाने पुसायचा. माझ्यासाठी खरं तर अळशीचं तेल चांगलं, पण कॅम्पमध्ये खोबरेलच होतं. तो माझ्या त्या निनावी जागेवर इतक्या वेळा चेंडू घ्यायचा, की मला वाटतं ती जागा त्याला माझ्याइतकीच ठाऊक होती. त्याचे फटके पाइपांपलीकडे जात. ते पाहायला दुसऱ्या कॅम्पांतून बस भरून माणसं येत. मैदानात तो उतरला की पोरं ओरडत, "दौलत, पाइप! दौलत, पाइप!"

अशा माणसाला कान धरलेला कसा आवडणार?

"भाई, दरवेळी बकरा मीच का?" तो विचारायचा.

"कारण तुला मारताना बघायला सगळे मागे जाऊन उभे राहतात. पुढे मैदान मोकळं असतं."

"मग मी मागे उभ्या असलेल्यांच्याही मागे मारतो ना!"

"मार. मी टोपीला हात लावीन तेव्हा."

हा वाद थट्टेत सुरू झाला. पुढे त्यातली थट्टा हळूहळू कमी होत गेली.

फिलिपिनो संघाविरुद्धच्या एका सामन्यात तो वाद फुटला. शेवटचा डाव होता आणि आम्ही एका धावेने मागे होतो. केरू तिसऱ्या बेसवर होता. मी दौलतच्या हातात होते. खैरुभाईंनी कानाची पाळी धरली. दौलतने ती खूण पाहिली, हे मी खात्रीने सांगू शकते, कारण त्याची पकड घट्ट झाली. मला आडवी धरायची तर पकड सैल करावी लागते.

चेंडू निघाला आणि केरूही निघाला, खाली मान घालून. दौलतने मला पूर्ण ताकदीने फिरवलं.

चेंडू माझ्या नेमक्या त्या जागी लागला. दौलतच्या हातांना काहीही जाणवलं नसेल. फटका तिसऱ्या बेसच्या दिशेने, रेषेला लागून गेला. तो केरूच्या कानाजवळून गेला. किती जवळून, ते मला सांगता येणार नाही. पण केरूची टोपी उडाली आणि तो तोंडावर पडला. चेंडू तसाच चढत गेला आणि पाइपांपलीकडे दिसेनासा झाला. दोन धावा झाल्या. आम्ही जिंकलो.

लोकांनी दौलतला उचलून घेतलं. केरू वाळू झटकत उठला आणि चालत चालत घरापर्यंत आला. त्याच्या नाकाला वाळू लागली होती, म्हणून सगळे हसले. तोही हसला. खैरुभाई मात्र मैदानात गेले. त्यांनी केरूची टोपी उचलली, झटकली आणि त्याच्या हातात दिली.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी दौलतला संघाबाहेर बसवलं.

"जिंकून दिलं म्हणून?" दौलतने बसमध्ये सगळ्यांसमोर विचारलं.

"मारलंस ते छान मारलंस," खैरुभाई म्हणाले. "बाहेर का, ते केरूला विचार."

"केरूला काय विचारायचं? तो तर हसत होता. तुमचं ऐकलं नाही, हे तुम्हाला लागलंय. सरळ सांगा ना!"

"केरूला विचार. खलास."

त्या दिवशी आम्ही हरलो. मग अख्खा कॅम्प दौलतच्या बाजूने झाला. बसमध्ये खैरुभाईंच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. जेवणाच्या रांगेत कोणीतरी मागून म्हणायचं, "मॅनेजरसाहेबांना वाढा रे आधी, नाहीतर कान धरतील." परळचा सूर्यकांत फोरमन होता. तो त्यांच्याकडे समजूत घालायला गेला.

"भाई, एवढा खेळाडू बाहेर बसवून तुम्हाला काय मिळतं?"

"काही नाही," खैरुभाई म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही."

खैरुभाईंनी खरं कारण उघड का सांगितलं नाही, हे मला आजही माहीत नाही. कदाचित सांगितलं असतं तर सगळ्यांनी केरूवर तक्रारखोर म्हणून शिक्का मारला असता. कदाचित त्यांना वाटलं असेल, की मॅनेजरने सांगितलेलं कारण हा पुन्हा एक हुकूमच होतो. मी फक्त पाहिलेलं सांगते आहे.

दौलत रागाने मला खोलीत घेऊन गेला आणि परत देईना. "बॅट कोणाच्या हातात शोभते ते बघू," म्हणाला. संघ फिलिपिनोंकडून उसनी आणलेली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन खेळू लागला. तिचा आवाज खोलीपर्यंत यायचा. भांडं पडल्यासारखा टण्ण वाजायचा. मी दाराच्या मागे उभी होते. शेजारच्या कॉटवरच्या माणसाने एकदा माझ्यावर ओली पॅंट वाळत घातली. दौलतने पाहिलं आणि ती तशीच राहू दिली. पाणी माझ्यात शिरलं आणि मी थोडी फुगले. तेल लावायचा महिना आला आणि तसाच गेला.

दौलतचं कॉन्ट्रॅक्ट त्या हिवाळ्याअखेर संपणार होतं. त्यानंतर तो कायमचा जळगावला जाणार होता. पुन्हा खेळायला मिळेल की नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. तो हे कोणाला बोलून दाखवत नसे, पण रोज संध्याकाळी मला हातात घेऊन खोलीच्या मधोमध उभा राहायचा आणि न फिरवता परत ठेवून द्यायचा.

सरावाला यायला त्याला बंदी नव्हती. त्याचाच अहंकार आड येत होता. शेवटी एका संध्याकाळी तो मला घेऊन मैदानावर गेला. कारखान्याच्या चिमणीवरची ज्योत पेटलेली होती आणि उजेड अजून पुरेसा होता. खैरुभाई बस दुरुस्तीला घेऊन गेले होते. विघ्नेश चेंडू फेकत होता आणि केरू तिसऱ्या बेसवर उभा होता.

"चल केरू, कुर्बानीचा सराव करू," दौलत म्हणाला. कदाचित मॅनेजरच्या कानावर जावं म्हणूनच तो हे म्हणाला असेल. त्याने कान धरून दाखवला. विघ्नेशने चेंडू फेकला. दौलतने मला आडवी धरली आणि चेंडू पुढ्यात ठेवला. अगदी व्यवस्थित ठेवला.

केरू जागचा हलला नव्हता.

"अरे, पळ ना!"

"पळतो की."

दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा चेंडू जमिनीवर पडलेला नीट पाहून घेऊन केरू निघाला. तोवर विघ्नेशने चेंडू उचलून घरावर आणून ठेवलाही होता.

"मेल्या, तुझी बोट गेली," विघ्नेश हसत म्हणाला.

दौलत मात्र हसला नाही. तो मला हातात घेऊनच तिसऱ्या बेसपर्यंत चालत गेला.

"केरू, तू तर चांगला सुटायचास. काय झालं?"

"काय न्हाई, दौलतभाऊ. तुम्ही ठेवताय का मारताय, ते बघतो आधी."

"खूण केली होती ना मी?"

केरूने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"खूण त्या दिशीपण झालती," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. हवामान सांगावं तसं त्याने सांगितलं. मग म्हणाला, "मला पळायचं असतंय ओ. पायच निघत न्हाईत. भाईंनी बी लई समजावलं. पर पायाला कळत न्हाई."

दौलतने तिथूनच वळून घराकडे पाहिलं. त्याने मला इतक्या सैल हाताने धरलं होतं, की मी पडेन असं मला वाटलं.

त्याच संध्याकाळी तो मला खैरुभाईंच्या खोलीवर घेऊन गेला. ते चहा पीत होते.

"भाई, बॅट आणली."

"केरूला विचारलंस?"

"त्यानेच सांगितलं."

"मग?"

"मग काही नाही. तुम्ही कान धरा, मी ठेवीन."

खैरुभाईंनी मला हातात घेऊन अंगावरून बोट फिरवलं. "ओली ठेवली होतीस हिला," ते म्हणाले. मग दौलतसाठी कपात चहा ओतला.

दौलतचा शेवटचा सामना हाच हिवाळ्याचा अंतिम सामना ठरला. समोर कोरियन संघ होता. पुढच्या आठवड्यात दौलत विमानात बसणार, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून लोक आदल्या सामन्यांपेक्षाही जास्त आले होते. शेवटचा डाव आला तेव्हा दोन्ही संघांच्या धावा सारख्या होत्या. आमचा एक जण बाद झाला होता. तिसऱ्या बेसवर केरू होता. आणि दौलत मला घेऊन उभा राहिला.

"दौलत, पाइप! दौलत, पाइप!"

कोरियन खेळाडू मागे मागे सरकले. काही जण पार पाइपांना टेकले. पुढे मैदान मोकळं पडलं.

दौलतने खैरुभाईंकडे पाहिलं. मीही पाहिलं, म्हणजे माझा ठसा त्या बाजूला होता. असा प्रसंग आणि असं मोकळं मैदान, इथे कान धरला जाणार हे कोणीही सांगितलं असतं. खैरुभाईंनी टोपीला हात लावला.

दौलतला खरं वाटेना. त्याने पुन्हा पाहिलं. खैरुभाईंनी पुन्हा टोपीला हात लावला, आणि या वेळी तो तिथेच थोडा वेळ राहू दिला. मार, असं ते सांगत होते. जाण्याआधी एकदा मोकळेपणी मार.

फेकणाऱ्याने चेंडू हातात घोळवला. दौलतने मान वळवून तिसऱ्या बेसकडे पाहिलं, माझ्यावरचा एक हात काढला आणि स्वतःच्या कानाची पाळी धरली. मित्रांनो, आपल्याकडे कान धरण्याला आणखी एक अर्थ असतो. तो कोरियन संघाला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. केरूला माहीत होता. त्याने पाहिलं, पण त्याचे पाय बेसवरच राहिले.

चेंडू आला. दौलतने मला आडवी केली, पकड सैल सोडली आणि चेंडू माझ्या अंगावर जिरवला. फटक्याचा आवाज झाला नाही. 'ठक' एवढंच झालं. चेंडू दोन पावलांवर वाळूत पडला. आणि दौलत ओरडला. मैदानात हाक मारायची नाही, हा नियम मोडून, क्रिकेटमध्ये ओरडतात तसं, तो सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला,

"केरू, ये!"

'यल्ला' सगळ्यांना कळलं असतं. 'ये' फक्त आम्हाला कळलं.

केरू आला. खाली मान घालून आला. मला दौलतने जमिनीवर टाकलं होतं, म्हणून मी त्याची पावलं जमिनीतून ऐकली. सुरुवातीची जड होती, मग सुटी झाली. फेकणाऱ्याने आणि घरामागे बसलेल्या खेळाडूनेही सवयीने आधी पाइपांकडेच मान वर केली होती; ते सावरेपर्यंत आणि बाकीचे कोरियन खेळाडू पाइपांपासून धावत पुढे येईपर्यंत तो घरावर पोचला आणि मला ओलांडून दोन हात पुढे जाऊन थांबला. दौलत पहिल्या बेसवर बाद झाला की नाही, हे कोणी पाहिलंच नाही. पाहायची गरजही नव्हती.

लोक अजून चेंडू शोधत होते. ते पाइपांकडे पाहत होते. मग त्यांना कळलं.

गर्दीतून वाट काढत खैरुभाई दौलतपाशी आले. "मी टोपीला हात लावला होता."

"दिसलं, भाई."

"या वेळीही ऐकलं नाहीस. पुढच्या शुक्रवारी बाहेर बसशील."

"पुढच्या शुक्रवारी मी जळगावात असेन."

"मग तिथे बाहेर बस," खैरुभाई म्हणाले, आणि दुसरीकडे पाहू लागले.

जाताना दौलतने मला तेल लावून त्यांच्याकडे दिलं.

त्यानंतर चांगले दिवस फार टिकले नाहीत. काम संपलं, तसे कॅम्प रिकामे झाले. रचलेले पाइप कुठेतरी जमिनीखाली गेले. कोणी सौदीला गेलं, कोणी गावी परतलं. नवं शतक सुरू झालं तेव्हा खैरुभाई नोकरी सोडून अजमानला आपल्या कुटुंबाकडे आले आणि मेहुण्याच्या दुकानात बसू लागले. त्यांचा गुडघा दुखू लागला होता. मी गॅलरीत आले. त्यांच्या पत्नी शहरबानूभाभी मला घेऊन गालिचे धोपटत. उरलेल्या वेळी गॅलरीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला त्यात अडकवून ठेवत. तिथल्या उन्हाळ्यात हवा ओली असते आणि भिंती तापतात. लाकूड ओलं होतं, वाळतं, पुन्हा ओलं होतं. माझ्या अंगावर थरांच्या दिशेने एक बारीक चीर पडली. एकदा खैरुभाईंनी मला आत घेतलं, तेव्हा त्यांची मुलगी फिझा पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, "अब्बा, इट्स जस्ट अ स्टिक." शास्त्रीयदृष्ट्या ती बरोबर होती. खैरुभाईंनी मला परत गॅलरीत ठेवलं.

गेल्या वर्षी एका दुपारी दाराची बेल वाजली. केरू आला होता. तो कायमचा गावी निघाला होता. विमान शारजाहून होतं आणि मधे थोडा वेळ होता. फिझाने दार उघडलं. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. बुटांना साइटवरची वाळू होती, हातात बॅग होती आणि समोर पुसलेली पांढरी फरशी होती. आत यावं की नाही, हे त्याला ठरवता येईना. त्याचे पाय निघत नव्हते.

खैरुभाई खुर्चीतून गुडघा सांभाळत उठायला लागले, आणि उठणं जमेना तसे तिथूनच ओरडले, "केरू, ये!"

केरू हसला. बूट घालूनच आत आला.

चहा पिताना त्याने बातमी दिली. "दौलतभाऊ साळंत शिकवत्यात. आधी कान धराय शिका म्हनत्यात पोरांना, मारायचं मागनं बघू."

"आणि पोरं ऐकतात?"

"कुठलं ऐकत्यात, भाई!"

खैरुभाई इतके हसले, की फिझाने पुस्तक मिटलं. निघताना केरूला गॅलरीच्या दारात मी दिसले. त्याने मला उचललं, रुमालाने पुसलं, चिरेवरून अंगठा फिरवला आणि ठसा वर येईल अशी भिंतीला टेकवली. आत, कोरड्या जागेत. "हिला गॅलरीत नका ठिवू, भाभी," म्हणाला. तेव्हापासून मी इथेच आहे. दुसऱ्या दिवशी फिझाने मला हातात घेऊन त्या ठशाचं कारण वडिलांना विचारलं.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. लाकडाची वस्तू घरात असेल तर तिला पाण्यात आणि उन्हात टाकू नका. वर्षातून एकदा तेल लावा. तुटायची जागा प्रत्येक वस्तूला असते. ती कुठे आहे, हे आधी बघून ठेवा आणि घाव तिथे घेऊ नका. आणि कधी मला, किंवा माझ्यासारखीला, हातात घेऊन उभे राहिलात, सगळे तुमच्या नावाने ओरडत असले, तर चेंडू येण्याआधी एकदा मान वळवून तिसऱ्या बेसकडे बघा. तिथे कोणीतरी असेल. तो तुमच्या भरवशावर निघणार आहे.